जुन्या छायाचित्रांवरून बेसबॉल खेळाडूंची व्यक्तिचित्रे: काचेला न दिसलेले रंग कसे शोधावेत?

हडसनकाठ

नमस्कार.

मी न्यू जर्सीमध्ये राहते आणि तैलरंगांत व्यक्तिचित्रे करते. गेली दोन वर्षे मी एकाच मालिकेवर काम करत आहे. १८६९ ते १९२० या काळातले बेसबॉल खेळाडू, त्यांच्या मूळ छायाचित्रांवरून, डोके आणि खांद्यांपर्यंत, शक्य तितक्या वास्तवदर्शी रीतीने रंगवायचे, असा संकल्प आहे. मी क्रिकेट पाहत वाढले. बेसबॉलशी ओळख इथे आल्यावर झाली, आणि तीही खेळाच्या आधी एका जागेमुळे. माझ्या घरापासून जवळच, होबोकेन गावात, एलिजियन फील्ड्स नावाचे मैदान होते. १९ जून १८४६ रोजी न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने तिथे आपल्या लिखित नियमांनुसार दुसऱ्या संघाशी सामना खेळला आणि तो २३-१ असा गमावला. आज तिथे इमारती आहेत आणि रस्त्यालगत एक स्मृतिफलक आहे. तो वाचून घरी आले त्या रात्री मी त्या काळच्या खेळाडूंची छायाचित्रे शोधत बसले, आणि एकदा ते चेहरे पाहिल्यावर रंगवल्याशिवाय राहवेना.

छायाचित्रे मिळवणे हा या कामातला सोपा भाग आहे. जॉर्ज ग्रँथम बेन यांच्या वृत्तसंस्थेच्या काचेच्या निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मोठ्या आकारात स्कॅन करून सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत आणि त्यांत १९१० च्या आसपासचे पुष्कळ खेळाडू आहेत. चार्ल्स कॉनलन हे न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात मुद्रितशोधक होते. १९०४ पासून ते फावल्या वेळात मैदानावर जाऊन खेळाडूंची छायाचित्रे घेऊ लागले आणि पुढे जवळजवळ चार दशके घेत राहिले. बोस्टनच्या कार्ल हॉर्नर यांनी खेळाडूंना स्टुडिओत बसवून छायाचित्रे काढली. त्याआधीच्या, १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या, ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटांतून मिळणाऱ्या छोट्या चित्रपत्रिकांवरही खरी छायाचित्रे चिकटवलेली असत. त्यांत मागे रंगवलेला पडदा दिसतो आणि झेल घेणाऱ्या खेळाडूसमोरचा चेंडू दोरीने टांगलेला असतो. नीट पाहिले तर ती दोरीसुद्धा दिसते.

आता माझ्या चुकीबद्दल लिहिते, कारण हा धागा त्या चुकीतूनच सुचला. मालिकेतले पहिले चित्र मी ख्रिस्टी मॅथ्यूसन यांचे केले. ते न्यूयॉर्क जायंट्स संघाचे पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारे खेळाडू होते, आणि १९०५ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत, त्यांनी सहा दिवसांत तीन सामने टाकून प्रतिस्पर्ध्याला एकही धाव दिली नव्हती. बेन संग्रहातल्या एका छायाचित्रावरून मी चौकोन आखून रेखाटन केले, राखाडी रंगांत छायाप्रकाशाचा पहिला थर दिला आणि प्रत्येक छटा छायाचित्राशी ताडून पाहिली. त्यावर त्वचेचे पातळ रंग चढवले. चित्र पूर्ण झाले तेव्हा रेखाटनात काहीही चुकले नव्हते, तरीही चेहरा आजारी दिसत होता. ओठ जांभळट काळे झाले होते, गाल मळल्यासारखे वाटत होते आणि डोळ्यांतली बुबुळे इतकी फिकी होती की हा मनुष्य आंधळा आहे असे पाहणाऱ्याला वाटावे. कित्येक दिवस मी रंगमिश्रणात दोष शोधत राहिले. दोष रंगमिश्रणात नव्हता. मी छायाचित्रातल्या राखाडी छटांना डोळ्यांना दिसणाऱ्या उजेड-अंधाराचे माप समजले होते, आणि ते तसे माप नसते.

जुनी काच सगळे रंग सारखे पाहत नव्हती. १८५० च्या दशकापासून साधारण १८८० पर्यंत जी ओल्या कलोडियनची (काचेवर चिकट रसायनाचा थर देऊन तो ओला असतानाच छायाचित्र घेण्याची) पद्धत चालली, तिला जवळजवळ केवळ निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच जाणवत असे. पुढे कोरड्या जिलेटिनच्या काचा आल्या आणि त्यानंतर ज्यांना ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात त्या काचा आल्या. त्यांना हिरवा आणि काही प्रमाणात पिवळाही दिसू लागला, परंतु लाल दिसत नव्हता. लाल दिसणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा इंग्लंडमधल्या एका कंपनीने १९०६ मध्ये विक्रीला आणल्या खऱ्या, पण वृत्तपत्रांचे छायाचित्रकार त्यानंतरही बराच काळ जुन्याच काचा वापरत राहिले. त्या स्वस्त होत्या आणि लाल दिव्याच्या उजेडात डोळ्यांसमोर धुता येत होत्या. याचा परिणाम असा की, उन्हाने लाल झालेली त्वचा काळवंडते, ओठ जवळजवळ काळे येतात, वांग आणि डाग ठळक होतात, निळे डोळे पांढरे पडतात आणि तांबड्या केसांचा मनुष्य काळ्या केसांचा दिसतो. मॅथ्यूसन यांचे डोळे निळे होते. मी जो आजार रंगवला होता तो काचेचा गुणधर्म होता.

त्यानंतर मी कोणतेही छायाचित्र घेतले की आधी ते कोणत्या जातीच्या काचेवर घेतले असावे याचा अंदाज बांधते. त्यासाठी मला एक खूण फार उपयोगी पडते. वर्ल्ड सीरिजसारख्या मोठ्या सामन्याच्या वेळी प्रेक्षागृहाच्या कठड्यांवर अमेरिकेच्या ध्वजाच्या रंगांचे कापड लावलेले असे. त्यातला लाल पट्टा निळ्या भागापेक्षा काळा दिसत असेल, तर त्या काचेला लाल दिसत नव्हता हे नक्की. आणि त्या दिवशी त्याच कॅमेऱ्याने घेतलेल्या चेहऱ्याच्या छायाचित्रालाही तोच नियम लावता येतो.

गणवेशांचा प्रश्न याहून अवघड आहे. सेंट लुईसच्या संघाने शतक बदलता बदलता घेतलेला गडद लाल रंग, ज्यावरून त्याला ‘कार्डिनल्स’ हे नाव मिळाले, छायाचित्रात काळा दिसतो. बोस्टनच्या संघाने १९०८ पासून लाल मोजे स्वीकारले, त्याआधी त्याचे मोजे निळे होते. म्हणजे छायाचित्राचे वर्ष एकाने चुकले तरी मोज्यांचा रंग चुकतो. जायंट्सच्या १९१६ च्या गणवेशावर जांभळ्या रेषांच्या चौकटी होत्या, आणि छायाचित्रात त्या कोणत्याही रंगाच्या असू शकतात. १८८२ मध्ये तर खेळाडूच्या जागेनुसार सदऱ्याचा रंग ठरवण्याचा प्रयोग झाला, त्यामुळे एकाच संघातले दोन खेळाडू वेगवेगळ्या रंगांत उभे असत. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेम या बेसबॉल संग्रहालयाने मार्क ओकॉनेन यांची गणवेशांची रेखाचित्रे संकेतस्थळावर ठेवली आहेत, ती मी नेहमी पाहते. शिवाय लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्या काळची वृत्तपत्रे वाचता येतात. वसंत ऋतूत हंगाम सुरू होताना नव्या गणवेशाचे वर्णन बातमीत अनेकदा येते.

पांढरा गणवेश हासुद्धा पांढरा रंगवू नये असे माझे मत आहे. ते लोकरीचे फ्लॅनेल होते, धुऊन धुऊन पिवळसर झालेले, घामाने जड झालेले, आणि अंगाला न चिकटणारे. मी टिटॅनियम व्हाइटमध्ये किंचित यलो ऑकर आणि त्याहून किंचित रॉ अंबर घालते. त्याच्या घड्या जाड आणि गोलसर पडतात. आजच्या कापडाच्या धारदार घड्या रंगवल्या की तो मनुष्य १९१० मधला राहत नाही.

मला आपणा सर्वांशी दोन गोष्टींवर बोलायचे आहे. एखाद्या रंगाचा कोणताही पुरावा मिळत नसेल तेव्हा चित्रकाराने काय करावे? आणि ज्या काचा गोऱ्या त्वचेलाही काळवंडून टाकत होत्या, त्यांच्यावर टिपलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंचे चेहरे कसे वाचावेत?

काचपट्टी

फार मोलाचा धागा आहे. मी चाळीस वर्षे डार्करूममध्ये काढली आहेत, त्यामुळे दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट सावल्यांची. उघड्या मैदानावर सावलीच्या भागात प्रकाश येतो तो आकाशाचा, आणि तो निळा असतो. जुन्या काचेला निळा अधिक जाणवत असल्यामुळे टोपीच्या छज्जाखालची सावली छायाचित्रात जितकी उजळ येते, तितकी ती प्रत्यक्ष उभे राहून पाहणाऱ्याला दिसली नसती. उलट उन्हातली त्वचा, जिच्यावर पिवळसर प्रकाश पडतो, ती प्रत्यक्षात अधिक उजळ होती. म्हणजे ओठ आणि गाल उजळ करावे लागतात आणि त्याच वेळी कपाळावरची सावली थोडी गडद, थोडी निळसर करावी लागते. संपूर्ण छायाचित्र एकाच दिशेने सरकवून भागत नाही.

दुसरी गोष्ट रिटचिंगची. स्टुडिओतल्या काचांवर रिटचिंग करणे ही त्या काळी नित्याची बाब होती. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके देऊन सुरकुत्या आणि डाग भरून काढत. तुम्ही स्टुडिओतले छायाचित्र आणि कॉनलन यांचे मैदानावरचे छायाचित्र शेजारी ठेवून पाहा. एकाच खेळाडूचे वय दोन ठिकाणी दहा वर्षांनी वेगळे वाटेल. वृत्तपत्रांच्या मुद्रित प्रतींवर तर बाह्यरेषा पांढऱ्या-काळ्या रंगाने सरळ ब्रशने काढलेल्या असत, कारण छपाईत त्या पुसट होत. अशा प्रतीवरून नाक किंवा हनुवटी रंगवली तर आपण छायाचित्राऐवजी दुसऱ्या एका चित्रकाराची रेषा उतरवत असतो. म्हणून मिळाली तर निगेटिव्हच घ्यावी, आणि तिच्यातही गाल संशयास्पद गुळगुळीत असतील तर त्यावर विश्वास ठेवू नये.

विनय_सांगली

लेखिकेची मेहनत मला मान्य आहे आणि तिचा आदर वाटतो, परंतु मूळ संकल्पाशीच माझा मतभेद आहे आणि तो स्पष्टपणे मांडतो.

छायाचित्राकडे जे नाही ते चित्रात घालणे म्हणजे अंदाज रंगवणे होय. राखाडी छटांमध्ये केलेले व्यक्तिचित्र पाहणाऱ्याला सांगते की हा मनुष्य आपल्यापर्यंत छायाचित्रातून आला आहे. रंगीत व्यक्तिचित्र मात्र असे भासवते की चित्रकार त्याच्यासमोर बसला होता. एखाद्या खेळाडूच्या डोळ्यांचा रंग कुणी लिहून ठेवला नसेल आणि आपण तो तपकिरी रंगवला, तर पुढच्या पिढीतला कुणीतरी आपले चित्र पाहून ‘त्याचे डोळे तपकिरी होते’ असे लिहील. वास्तवदर्शी चित्राचे बळ जितके मोठे, तितकी ही चूक पक्की होते. त्यामुळे पुरावा नसेल तिथे रंग लावूच नये, असे माझे उत्तर आहे.

हडसनकाठ

@काचपट्टी, टोपीखालच्या सावलीबद्दलचे आपले म्हणणे मी आज सकाळीच एका अभ्यासचित्रावर करून पाहिले. सावली एक पायरी गडद आणि निळी करताच डोळे मागे गेले आणि टोपीला वजन आले. इतके दिवस माझ्या टोप्या डोक्यावर ठेवल्यासारख्या का वाटत होत्या, ते मला आता समजले. मनापासून आभार.

@विनय_सांगली, आपला आक्षेप गंभीर आहे आणि मी तो टाळणार नाही. राखाडी छटांतले चित्र अधिक प्रामाणिक असते हे मात्र मला पटत नाही. ज्या काचेने निळे डोळे पांढरे केले आणि ओठ काळे केले, तिच्या छटा जशाच्या तशा उतरवणे हासुद्धा एक चुकीचा अहवालच आहे, आणि त्यावर कुणी शंका घेत नाही म्हणून तो अधिक काळ टिकतो. त्या छटा दुरुस्त करायच्या ठरवल्या तर मूळ रंगाचा विचार करावाच लागतो. मग तो कॅनव्हासवर लावला काय किंवा मनात ठेवला काय, अंदाज झालेलाच असतो.

आपण म्हणता तो धोका खरा आहे. त्यावर मी एक उपाय करते. प्रत्येक कॅनव्हासच्या पाठीवर मी शाईने दोन याद्या लिहिते. एकीत पुरावा असलेले रंग आणि तो पुरावा कुठला, आणि दुसरीत माझ्या समजुतीने लावलेले रंग. मॅथ्यूसन यांच्या डोळ्यांचा निळा पहिल्या यादीत आहे. त्यांच्या मागच्या भिंतीचा हिरवा दुसऱ्या यादीत आहे.

शिळाछाप

गणवेशांच्या पुराव्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. बरेच जण रंगांसाठी १९०९ ते १९११ या काळातल्या सिगारेटच्या पाकिटांतल्या रंगीत पत्रिकांचा आधार घेतात. अमेरिकन टोबॅको कंपनीच्या त्या मालिकेला आज टी-२०६ म्हणतात, आणि तिच्यातली पिट्सबर्ग संघाचे खेळाडू होनस वॅगनर यांची पत्रिका २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली, एवढी तिची ख्याती आहे. वॅगनर यांचे ते चित्र कार्ल हॉर्नर यांच्या छायाचित्रावरून केलेले आहे. पण ते छायाचित्र कृष्णधवल होते. रंग दिले ते शिळाछापखान्यातल्या कारागिरांनी, आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा छाप लागत असल्याने त्यांना मोजकेच रंग परवडत. वॅगनर यांच्या मागची नारिंगी पार्श्वभूमी कोणत्याही मैदानावर नव्हती. खेळाडूंच्या गालांवरची गुलाबी छटा अनेक पत्रिकांवर एकसारखीच दिसते.

मी या विषयाकडे आमच्या इकडच्या शिळाछापामुळे आलो. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला. तिथेही एकावर एक रंगांचे छाप देऊनच चित्रे तयार होत. मात्र त्या कारागिरांसमोर रविवर्म्यांचे मूळ रंगीत तैलचित्र असे आणि त्याच्याशी ताडून रंगांची विभागणी करता येई. न्यूयॉर्कच्या कारागिरांसमोर खेळाडूंचे राखाडी छायाचित्रच होते. त्यामुळे या पत्रिका छपाईच्या कलेचा उत्तम नमुना म्हणून पाहाव्यात, रंगांची साक्ष म्हणून त्या कच्च्या आहेत. अक्षरांच्या बाबतीत मात्र त्या उपयोगी पडतात. वॅगनर यांच्या पत्रिकेवर ‘पिट्सबर्ग’ या नावाच्या शेवटी इंग्रजी ‘एच’ नाही, आणि ती छपाईची चूक नाही. १८९० च्या दशकापासून १९११ पर्यंत त्या शहराचे अधिकृत स्पेलिंगच तसे होते. त्या वर्षांतल्या खेळाडूच्या छातीवर शहराचे नाव रंगवताना आजचे स्पेलिंग घालू नये.

मिशिगनकाका

हडसनकाठ ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते या धाग्यातला तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

१८८० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या संघांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना आपसांतल्या अलिखित संगनमताने बाहेर ठेवले, ते १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन खेळेपर्यंत. याचा परिणाम छायाचित्रांवरही झाला. बेन किंवा कॉनलन यांचे कॅमेरे मुख्यतः ज्या मैदानांवर होते तिथे हे खेळाडू नव्हते. त्यामुळे गोऱ्या खेळाडूंची जिथे डझनावारी निगेटिव्ह मिळतात, तिथे कृष्णवर्णीय खेळाडूचे एखादे सामूहिक छायाचित्र मिळते, आणि तेही अनेकदा छापील पानावरचे, ठिपक्याठिपक्यांचे.

कॅन्सस सिटीमध्ये १३ फेब्रुवारी १९२० रोजी कृष्णवर्णीय खेळाडू आणि व्यवस्थापक रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने नीग्रो नॅशनल लीग या कृष्णवर्णीय संघांच्या साखळी स्पर्धेची स्थापना झाली. तिच्या शताब्दीच्या वर्षी त्याच शहरातल्या नीग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियममध्ये ग्रेग क्रेइंडलर या चित्रकाराने रंगवलेल्या दोनशेहून अधिक व्यक्तिचित्रांचे प्रदर्शन भरले होते. सगळी कृष्णवर्णीय बेसबॉलमधल्या खेळाडूंची होती आणि जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून केलेली होती. मी ज्या खेळाडूंची नावे आकडेवारीच्या तक्त्यांतच वाचली होती, त्यांतले कित्येक चेहरे मी त्या चित्रांतून पहिल्यांदा असे पाहिले की उद्या रस्त्यात भेटले तर ओळखता येतील. विनयरावांच्या आक्षेपाला माझ्यापाशी असलेले उत्तर हेच आहे. ज्या माणसांना त्या काळी कॅमेऱ्यासमोर पुरेशी जागा मिळाली नाही, त्यांना पुन्हा राखाडीतच ठेवावे असे मला वाटत नाही.

हडसनकाठ

मिशिगनकाका, आपण लिहिलेत ते वाचून काही वेळ काहीच सुचले नाही. मी सध्या रूब फॉस्टर यांच्याच चित्रावर काम करत आहे, म्हणून मला त्यात काय अडचण येते ते सविस्तर सांगते.

सामूहिक छायाचित्र घेणारा छायाचित्रकार पांढरे सदरे आणि बहुसंख्य चेहरे नीट यावेत अशा बेताने काच प्रकाशित करत असे. बड फाउलर १८८५ मध्ये आयोवा राज्यातल्या किओकक संघाच्या छायाचित्रात गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर एकटेच कृष्णवर्णीय आहेत. अशा मांडणीत गडद त्वचेच्या चेहऱ्याला मुळातच कमी प्रकाश मिळतो, त्यात काचेला लाल दिसत नाही आणि तपकिरी त्वचेत तर लाल-पिवळ्याचाच भाग मोठा असतो. त्यामुळे गालाची हाडे, नाकपुडीची बाजू, ओठांची कड, हे सगळे एका काळ्या पट्ट्यात मिसळून जाते. छायाचित्र जसेच्या तसे उतरवले तर चेहऱ्याच्या जागी छाया उरते. आणि ती छाया उजळ करण्यासाठी पांढरा मिसळला तर त्वचा राखेसारखी होते, शिवाय त्या माणसाचा वर्ण आपण आपल्या सोयीने बदललेला असतो. ही दुसरी चूक मला पहिलीपेक्षा मोठी वाटते.

मी आता पांढरा जवळजवळ वापरतच नाही. बर्न्ट सिएना, अ‍ॅलिझरिन आणि अल्ट्रामरीन यांच्या मिश्रणाचा एक मध्यम थर आधी देते, तो वाळला की उजळ भागांत यलो ऑकर आणि लाइट रेडचे पातळ थर चढवते. उघड्या आकाशाखाली गडद त्वचेवर सर्वांत उजळ दिसतो तो आकाशाचा परावर्तित प्रकाश, आणि तो थंड असतो. कपाळाच्या आणि गालाच्या वरच्या बाजूला निळसर राखाडीचा एकेक हलका फटकारा दिला की खालचा तपकिरी आपोआप उबदार वाटू लागतो. हे मला कोणत्याही छायाचित्राने शिकवले नाही. माझ्या शेजारचे एक वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ, जे तरुणपणी स्वतः हा खेळ खेळले, तीन दुपारी माझ्या अंगणात टोपी घालून बसले, तेव्हा ते डोळ्यांनी पाहता आले. नाकडोळे मी फॉस्टर यांच्या छायाचित्रांतूनच घेते, शेजाऱ्यांकडून घेतले ते उन्हाचे वागणे.

नवशिकी

मी जलरंगात काम करते आणि अजून शिकत आहे. माझे दोन प्रश्न आहेत. छायाचित्र उलटे, म्हणजे आरशातल्यासारखे, छापले गेले आहे का हे कसे ओळखावे? आणि हल्ली जुन्या छायाचित्रांना आपोआप रंग देणाऱ्या संगणक प्रणाली आहेत, त्यांचा प्राथमिक आधार घेणे योग्य ठरेल का?

हडसनकाठ

पहिला प्रश्न तुम्ही विचारलात हे फार चांगले झाले. टिनटाइप, म्हणजे पत्र्यावरचे छायाचित्र, स्वभावतःच उलटे असते, कारण तिथे निगेटिव्हवरून पुन्हा प्रत काढलेली नसते. अशा चित्रात उजव्या हाताने खेळणारा डावखुरा दिसतो. काचेच्या निगेटिव्हवरून काढलेली प्रतही काच पालथी ठेवली गेल्यास उलटी येते. १९५७ साली हँक आरन यांच्या टॉप्स कंपनीच्या पत्रिकेवर निगेटिव्ह उलटी लागल्यामुळे ते डावखुरे छापले गेले, म्हणजे ही चूक फार जुन्या काळापुरती नाही. आरन यांच्या पाठीवर निदान क्रमांक तरी होता. १९२९ च्या आधीच्या बहुतेक खेळाडूंच्या पाठीवर तोही नसतो.

मी आधी सदऱ्याची गुंडीपट्टी पाहते. पुरुषांच्या सदऱ्यात डावी बाजू उजवीवर येते. छातीवर अक्षर असेल तर प्रश्नच नाही, पण इंग्रजी ‘ए’ किंवा ‘एच’ दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते हे लक्षात ठेवावे. त्यानंतर हातमोजा कोणत्या हातात आहे ते त्या खेळाडूच्या नोंदीशी ताडून पाहते. बेन संग्रहातल्या निगेटिव्हवर कडेला खेळाडूचे नाव हाताने लिहिलेले असते. ते नाव सरळ वाचता येत असेल तर चित्रही सरळ आहे.

आपोआप रंग देणाऱ्या प्रणालींबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. कोणत्या काचेवर छायाचित्र घेतले हे त्या विचारत नाहीत, त्यामुळे सेंट लुईसचा लाल त्यांना काळाच वाटतो. त्यांनी एकदा रंगवलेला चेहरा पाहिला की तो डोळ्यांसमोरून हटत नाही, आणि मग आपले स्वतःचे निरीक्षण त्याच्याकडे ओढले जाते. जलरंगात तर पांढरा कागद राखावा लागतो, त्यामुळे कुठे किती उजेड ठेवायचा हा निर्णय पहिल्या फटकाऱ्याआधीच स्वतः घेतलेला असणे आवश्यक आहे.

दगडी_चाळ_ते_डब्लिन

बेसबॉलमधले मला फारसे कळत नाही, तरी या चर्चेचा मला थेट उपयोग होत आहे. पालवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या भारतीय क्रिकेट संघात होते आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांचे व्यक्तिचित्र करण्याचे माझ्या मनात आहे. काळ तोच आहे आणि काचाही बहुधा त्याच जातीच्या असणार. पांढरे फ्लॅनेल, गडद त्वचा आणि इंग्लंडचे ढगाळ आकाश यांचा मेळ कसा घालावा हे मला कळत नव्हते. ढगाळ हवेत आकाशाचा निळसर प्रकाश सावलीत असतो तसा सर्वत्र पसरतो, असे @काचपट्टी यांच्या विवेचनावरून मी समजलो. ते बरोबर आहे का?

काचपट्टी

मोठ्या अंशी बरोबर आहे, पण ढगांतून येणारा प्रकाश निळ्या आकाशापेक्षा पांढरा असतो, आणि तो सगळीकडून येतो. कडक सावली पडत नाही, त्यामुळे चेहऱ्याचा उठाव छटेच्या फरकापेक्षा रंगाच्या फरकातून, म्हणजे उबदार आणि थंड यांच्यातून आणावा लागतो. बाळूंचे चित्र सुरू केलेत की वेगळा धागा अवश्य काढा, मी त्याची वाट पाहीन.

हडसनकाठ

तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे. मॅथ्यूसन यांचे चित्र मी नव्याने केले. या वेळी १९०५ च्या वर्ल्ड सीरिजचा गणवेश घेतला, कारण त्या मालिकेसाठी व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ यांनी संघाला काळ्या कापडाचे गणवेश शिवून दिले होते आणि छातीवर पांढरी अक्षरे होती. म्हणजे इथे छायाचित्रातला काळा खरोखरच काळा आहे आणि त्याला पुरावा आहे. तरीही आयव्हरी ब्लॅक एकटा लावला तेव्हा कॅनव्हासला भोक पडल्यासारखे दिसले. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांच्या मिश्रणाने तो काळा पुन्हा उभा केला, उजव्या खांद्यावर ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हाचा तपकिरीकडे झुकणारा एक पट्टा ठेवला, आणि कॉलरच्या वर गळ्याची त्वचा चेहऱ्यापेक्षा एक छटा फिकी ठेवली. ओठ आता लालसर आहेत. डोळे निळे आहेत, परंतु टोपीच्या सावलीत असल्यामुळे जवळ गेल्याशिवाय ते कळत नाही.

फॉस्टर यांचे चित्र अजून वाळते आहे. दोन्ही चित्रांची छायाचित्रे या आठवड्यात इथे लावते.

विनय_सांगली

माझे मत पूर्णपणे बदललेले नाही, पण ओठ आणि डोळ्यांबद्दलचे आपले विवेचन मी दोनदा वाचले आणि त्यानंतर घरातले आजोबांचे छायाचित्रही पुन्हा पाहिले. चित्रांची छायाचित्रे लावाल तेव्हा कृपया कॅनव्हासच्या पाठीचेही लावा. त्या दोन याद्या मला आधी वाचायच्या आहेत.